छत्तीसचा आकडा

मराठी माणसाने कोणत्या वयात कोणतं आकाश पाहावं, याचे काही अलिखित नियम आहेत. लहानपणी अंगणात बाज टाकून सप्तर्षी पाहायचे. लग्नानंतर महाबळेश्वरचा सूर्यास्त पाहायचा. मुलगी अमेरिकेत बाळंत झाली की जाता-येता विमानाच्या खिडकीतून ढग पाहायचे. आणि प्रॉव्हिडंट फंड हातात आला, चारधाम आटोपले, बारा दिवसांत नऊ देशांचा युरोपही धावत पाहून झाला, की मग नॉर्दर्न लाइट्स! त्यापुढे पाहण्यासारखं आकाश उरत नाही. उरतं ते मोतीबिंदूचं ऑपरेशन.

आमची जुनवानी याला अपवाद नाही. भिलाईच्या टाउनशिपमधलं क्वार्टर निवृत्तीनंतर सोडावं लागतं. मग स्टील प्लांटमधली माणसं स्मृतीनगर, नेहरूनगर, जुनवानी अशा भागांत घरं बांधून राहतात. सकाळी फिरायला निघालेला आमचा घोळका म्हणजे कोक ओव्हनपासून रेल मिलपर्यंतची सगळी उत्पादनसाखळीच कानटोप्या घालून चाललेली असते. या घोळक्यात गेल्या काही हिवाळ्यांपासून हिरव्या आकाशाचे फोटो फिरू लागले. फोटो कोणाचाही असला तरी एकच असतो. खाली बर्फ, वर हिरवा पडदा आणि मध्ये भाड्याच्या फुगीर सूटमध्ये कोणीतरी. ती मावशी आहे की काका, हे टोपीखालून ओळखता येत नाही. खाली नाव लिहिलेलं असतं म्हणून ‘वा, मावशी!’ असं लिहिता येतं.

समोरच्या बंगल्यातले काका रेल मिलमध्ये तपासणीला होते. भिलाईचे रूळ देशभर जातात. त्या रुळांच्या पोटात कुठे चीर नाही ना, हे अल्ट्रासॉनिक यंत्र लावून पाहण्यात त्यांची हयात गेली. अशा माणसाच्या हातून जगातली कोणतीही वस्तू सहजासहजी ‘पास’ होत नाही. लग्नात जिलबीसुद्धा ते आधी उजेडात धरतात. एका वहिनींनी कौतुकाने त्यांना आपला नॉर्वेचा फोटो दाखवला, तेव्हा काकांनी चष्मा वर करून विचारलं,

“हा असा हिरवागार डोळ्यांनी दिसला का?”

“डोळ्यांना जरा पांढुरकं दिसत होतं. फोनमध्ये हिरवं आलं,” वहिनी खरं बोलल्या.

“म्हणजे माल एक अन् टेस्ट सर्टिफिकेट दुसऱ्याचं,” काका म्हणाले आणि फोन परत दिला.

यात वहिनींचा काही दोष नव्हता. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात, त्यांना रंग कळत नाहीत. प्रकाश फिका असला की हिरवा पडदाही राखाडी धुक्यासारखा दिसतो. आकाशात हिरवा असतो, तो डोळ्यांत पोचत नाही. फोन चार-सहा फोटो घेतो, एकावर एक रचतो आणि वर आपल्या अकलेने रंग चढवतो. काकांचा आक्षेप या शेवटच्या अकलेला होता. “फिल्म उजेड जमा करते. फोन उजेड बनवून राहिला. मी जाईन तर फिल्मवर काढीन,” असं त्यांनी जुनवानीच्या चौकात जाहीर केलं. तोपर्यंत काका कुठे जाणार आहेत, हे कोणालाही माहीत नव्हतं. काकूंनाही नव्हतं.

काकांच्या कपाटात झेनिट-ई होता. भिलाईत हे आश्चर्य नाही. सोव्हिएत मदतीने कारखाना उभा राहिला, रशियन इंजिनिअर इथे सहकुटुंब राहून गेले. दोन्ही देशांच्या दोस्तीची खूण म्हणून 1972 साली मैत्री बाग झाली आणि कित्येक घरांत ‘स्पासीबा’ आणि ‘खराशो’ हे दोन शब्द उरले. काकांच्या वाट्याला कॅमेरा आला. मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी तो घेतला होता. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला बनलेला, वजनाला भक्कम, पुढे 58 मिलिमीटरची हेलिओस लेन्स, आणि शटरचा आवाज असा की फोटो निघाल्याचं शेजारच्या सेक्टरला कळावं.

पण या कामाला त्याहून लायक कॅमेरा शोधून सापडला नसता. झेनिटच्या शटरला बॅटरी लागतच नाही. त्यातला प्रकाशमापकही सेलेनियमचा, उजेड पडला की स्वतःची वीज स्वतः करणारा. उत्तरेच्या थंडीत आजचे कॅमेरे बॅटरीने मान टाकल्यामुळे गप्प होतात, तिथे झेनिटला टाकायला मानच नाही. त्याच्या चकतीवर ‘बी’ अशी खूण असते. तिथे चकती ठेवली की बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं. नॉर्दर्न लाइट्सना हेच हवं असतं. पाच, आठ, दहा, पंधरा सेकंद. रशियाच्या हिवाळ्यासाठी घडवलेल्या या यंत्राने आयुष्य काढलं ते भिलाईच्या पंचेचाळीस अंशांत, बारशी आणि मुंजी टिपत. काकांच्या मते हा एका लायक कर्मचाऱ्यावर चुकीच्या पोस्टिंगमुळे झालेला अन्याय होता आणि तो दूर करण्यासाठी झेनिटला घेऊन मुर्मान्स्कला जाणं भाग होतं.

मुर्मान्स्क हे आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला असलेलं जगातलं सगळ्यात मोठं शहर. डिसेंबरच्या सुरुवातीला तिथे सूर्य मावळतो तो जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातच पुन्हा तोंड दाखवतो. हल्ली भारतीय मंडळी तिथे हौसेने जातात. “महिना-सव्वा महिना ऊन नाही?” काकूंनी विचारलं. “मग वाळवणं कुठे घालतात?” याचं उत्तर टूर कंपनीच्या माहितीपत्रकात नव्हतं.

पुढचे काही महिने काकांनी घोळक्याला सूर्य समजावला. “सूर्य म्हणजे एक ब्लास्ट फर्नेस समजा. फक्त टॅपिंग कधी, त्याचं टाइमटेबल नाही.” दर अकरा वर्षांनी सूर्यावरचे डाग वाढतात आणि कमी होतात. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये नासाने सूर्य ऐन भरात आल्याचं जाहीर केलं होतं, हे कात्रण काकांच्या खिशात असायचं. सूर्यावरून उसळलेला विद्युतभारित मालमसाला पंधरा कोटी किलोमीटर येतो. पृथ्वीचं चुंबकत्व त्याला अडवतं. त्या झटापटीत काही कण चुंबकरेषांवरून घसरत ध्रुवांकडे उतरतात आणि हवेवर आदळतात. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजन हिरवा पेटतो, दोनशेच्या वर लाल. “म्हणजे मूळचा मालक मॅग्नेट!” क्रेन विभागातले एक जण खुशीत म्हणाले. त्यांची सगळी नोकरी लोहचुंबकाने भंगार उचलण्यात गेली होती. सूर्यमालेत आपलंही खातं आहे, हे त्यांना तेव्हा कळलं.

चुंबकाचा विषय निघाल्यावर काका मुंबईत शिरले. 4 फेब्रुवारी 1872 च्या रात्री नॉर्दर्न लाइट्स खुद्द मुंबईच्या आकाशात दिसले होते आणि तशी बातमी वर्तमानपत्रात छापून आली होती. त्या रात्री मुंबई-एडन ही समुद्राखालची तार काही तास बिघडली. कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकसूचीने घातलेला गोंधळ तिथल्या कर्मचाऱ्यांनी नोंदवून ठेवला. त्याआधी 1859 च्या सप्टेंबरमधलं प्रचंड सौर वादळही याच कुलाब्याने टिपलं होतं. त्या वादळात चुंबकीय क्षेत्र किती खाली आलं, हे सांगायचं तर आजही जगभरचे शास्त्रज्ञ कुलाब्याचीच वही उघडतात. साधी माणसं, तासातासाला उठून आकडे लिहिणारी. रेल मिलच्या तपासनिसाला यापेक्षा मोठे पूर्वज कोण?

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या सुया बिथरणार हे दिसू लागलं. म्हणून 1904 मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली. तिथली इमारत लोखंडाचा खिळासुद्धा न वापरता पोरबंदरच्या दगडात बांधली. इथे काकांच्या श्रोत्यांत अस्वस्थता पसरली. ब्लास्ट फर्नेसवाले थांबून कमरेवर हात ठेवते झाले. “लोखंडाशिवाय इमारत? अन् तेही सरकारी?” भिलाईच्या माणसाला देव नसलेलं देऊळ चालेल, सळई नसलेला स्लॅब चालत नाही.

तारखेचा योग मात्र सर्वांना पटला. मुंबईवर नॉर्दर्न लाइट्स आले तो 4 फेब्रुवारी. आणि 1959 साली डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं तोही 4 फेब्रुवारी. “पाहा, सिग्नल आहे,” काका म्हणाले. यावर कोणी वाद घातला नाही, कारण पोह्यांची गाडी आली होती.

मुंबईच्या त्या रात्रीचा फोटो नाही. असणं शक्यही नव्हतं. तेव्हाची फोटोची काच इतक्या फिक्या उजेडाला दाद देत नव्हती. पहिला फोटो निघाला वीस वर्षांनी, 1892 मध्ये, उत्तर नॉर्वेतल्या बोसेकोपला. मार्टिन ब्रेंडेल या जर्मन माणसाने काढला. त्यानंतर या क्षेत्राचा राजा झाला तो कार्ल स्टोर्मर. हा नॉर्वेचा गणिती. काही किलोमीटर अंतरावर दोन कॅमेरे लावायचे, मध्ये टेलिफोनची तार टाकायची, आणि ‘आता!’ म्हटलं की दोघांनी एकाच क्षणी फोटो घ्यायचा. दोन्हींतल्या ताऱ्यांमागे पडदा किती सरकला ते मोजून त्याची उंची काढायची. असं त्याने पुढे कित्येक वर्षं केलं. काकूंना मात्र स्टोर्मरचा वेगळाच पराक्रम आवडला. कॉलेजात असताना हा गृहस्थ वेस्टकोटात छुपा कॅमेरा लावून ऑस्लोच्या रस्त्यावर हिंडायचा. समोरून कोणी आलं की नमस्कार करायचा आणि त्याच वेळी दोरी ओढून फोटो काढायचा. खुद्द इब्सेन त्याच्या वेस्टकोटात सापडला होता. “पाहा, माणसांपासून सुरुवात केली त्याने,” काकू म्हणाल्या. “तुम्ही माझा शेवटचा फोटो कधी काढला?” काकांनी विषय ट्रायपॉडकडे वळवला.

ट्रायपॉड सुपेल्यातल्या वेल्डरकडून बनवून घेतला. लोखंडी. बाजारातले हलके ट्रायपॉड काकांनी बोटाने ढकलून नापास केले होते. हा नवा ट्रायपॉड ट्रकने ढकलूनही हलला नसता. विमानात माणशी जेवढं सामान नेता येतं, त्यातला निम्मा वाटा त्याने खाल्ला. त्यामुळे काकूंच्या चिवड्याचे आणि मेतकुटाचे डबे घरी राहिले. या गोष्टीचा उल्लेख पुढे बऱ्याच वेळा व्हायचा होता.

विमानतळावर रोलचा प्रश्न उभा राहिला. काकांनी 800 स्पीडचा रंगीत रोल आणला होता. एवढ्या तल्लख फिल्मवर सामान तपासणाऱ्या यंत्राच्या क्ष-किरणांनी धूसर डाग पडू शकतो. “हा रोल हाताने तपासा,” अशी विनंती काकांनी केली. सुरक्षेवरचा मुलगा पंचविशीचा. त्याने डबी कानाशी हलवून पाहिली. मग म्हणाला, “अंकल, इसमें जो फोटो हैं, दिखा दीजिए.” काका म्हणाले, त्यात अजून फोटो नाहीत. मुलगा म्हणाला, तो फिर खोलके दिखा दीजिए. उघडलं तर उजेड लागून सगळं संपेल, हे काकांनी समजावलं. काढण्याआधी दाखवता येत नाही, काढल्यावर दाखवता येत नाही आणि उघडला तर संपतो, असा कॅमेरा माणूस का बाळगतो? त्या मुलाच्या चेहऱ्यावरचा हा प्रश्न रास्त होता. त्याने आतल्या वरिष्ठाला बोलावलं. वरिष्ठाच्या डोळ्यांत रोल बघताच ओळख चमकली. त्यांनी डबी हातात घेतली, वास घेतला, स्वतःच्या लग्नाच्या अल्बमात शिरावं तसे दोन मिनिटं हरवले आणि रोल ‘पास’ केला.

मुर्मान्स्कचं वर्णन काकांपेक्षा काकूंकडून ऐकावं. रात्री अकराला बस शहराबाहेर अंधारात नेऊन सोडते. उणे अठरा. आकाशात काहीतरी हलायला लागलं की चाळीसेक माणसं एकदम फोन वर करतात आणि त्यातल्या निम्म्यांचे फ्लॅश उडतात. फ्लॅशचा उजेड पोचतो समोरच्याच्या कानटोपीपर्यंत. पडदा शंभर किलोमीटर वर. काका ओरडायचे, “अरे, वरती कोणाला दाखवून राहिले उजेड?” त्यांनी वाचून ठेवलेल्या सगळ्या काळज्या घेतल्या. लेन्सवरचा फिल्टर काढला, कारण या प्रकाशात एकेकच शुद्ध रंग असल्यामुळे सपाट काचेतून फोटोच्या मधोमध गोल कडी उमटतात. रोल सावकाश पुढे सरकवला, कारण कोरड्या थंडीत फिल्म कडक होते आणि भराभर ओढली तर घर्षणाच्या ठिणगीने नेगेटिव्हवर विजेच्या फांद्या छापल्या जातात. श्वास बाजूला सोडला, नाहीतर लेन्सवर बर्फ धरतं. लोखंडी ट्रायपॉडला उघडा हात लावायचा नाही, हे तेवढं वाचलेलं नव्हतं. ते त्यांना ट्रायपॉडनेच सांगितलं.

सेकंद मोजायचं काम काकूंकडे. फिल्म एका सेकंदाच्या पुढे आळसावते. दुप्पट वेळ दिला तरी दुप्पट उजेड धरत नाही. म्हणून काकांनी आठाचे बारा केले. काकू मोठ्याने मोजायच्या. दुसऱ्या रात्री लुधियानाचं एक कुटुंब त्यांच्या सुरात सूर मिसळू लागलं. तिसऱ्या रात्री अख्खी बस मोजत होती आणि बारा झाल्यावर टाळ्या पडत होत्या. फोटो कोणालाच दिसत नव्हता. बाकीच्यांनी आपापले हिरवे फोटो बसमध्ये बसताबसता भारतात पाठवलेही. काका मात्र झेनिट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, मांडीवर घेऊन बसायचे. थंडीतून एकदम उबेत आणलेल्या कॅमेऱ्याला आतून घाम फुटतो. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे त्या प्रवासात मफलर त्यांच्यापेक्षा झेनिटला जास्त मिळाला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. काका परतले तेव्हा रोलमध्ये चार फोटो शिल्लक होते. भिलाईत रंगीत रोल धुणारं कोणी उरलेलं नाही; तो कुरियरने मुंबईला पाठवावा लागतो. पण चार फ्रेम रिकाम्या ठेवून रोल पाठवायचा? “नववा हिस्सा माल वाया?” काकांनी साफ नकार दिला.

ज्यांची लग्नं फिल्मवर झाली त्यांना हे दुखणं ठाऊक आहे. छत्तीस फोटोंचा हिशोब घरात महिन्याच्या किराण्यासारखा व्हायचा. बारशाला दहा, मैत्री बागेतल्या पांढऱ्या वाघाला दोन, पुण्याहून आलेल्या आत्याला एक. तोही आत्या रुसली तर. मग शेवटचे चार-पाच उरले की ‘रोल संपवायची’ मोहीम निघायची. त्यात नवा फ्रिज यायचा, टीव्हीवरची बाहुली यायची, शेजाऱ्यांची स्कूटर यायची, तुळशीसमोर डोळे मिटलेला मामा यायचा. मराठी कुटुंबांचे अल्बम पुढे कोणी संशोधकाने तपासले, तर या लोकांचं कुलदैवत फ्रिज होतं, असाच निष्कर्ष निघेल.

काकांच्या अल्बमांत आम्ही त्या निमित्ताने एक गोष्ट शोधली आणि ती नव्हती. जुने भिलाईकर सांगतात, रात्री प्लांटमधला वितळलेला स्लॅग, म्हणजे लोखंडाची मळी, ओतला की आकाश पेटल्यासारखं लाल व्हायचं. अंगणात झोपलेल्या पोरांच्या तोंडावर तो रंग यायचा. बायका म्हणायच्या, “स्लॅग टाकला वाटते,” आणि कूस बदलायच्या. दीड हजार अंशांचा तो रस होता. त्या लाल आकाशासाठी ना तिकीट लागायचं, ना थर्मलची पाटलोण. पण त्याचा एक फोटो या गल्लीत कोणाकडेच नाही. फ्रिजला फ्रेम मिळाली, आकाशाला नाही, कारण फ्रिज हप्त्यावर आला होता आणि आकाश रोज फुकट यायचं. फिल्म महाग होती म्हणून आम्ही जपून वापरली हे खरं. पण जपून वापरताना जे दुर्मीळ वाटलं तेच टिपलं. जे रोजचं होतं ते कधी दुर्मीळ होईल, हे कोणाच्या हिशोबात नव्हतं. आता पुष्कळसा स्लॅग पाण्याच्या फवाऱ्याने दाणेदार करून सिमेंटला जातो. त्या आकाशातला काही भाग जुनवानीतल्या बंगल्यांच्या स्लॅबमध्ये घट्ट होऊन बसला असेल. त्याच स्लॅबखाली बसून आम्ही मुर्मान्स्कच्या फोटोंची वाट पाहतो.

“मग काढा न चार फोटो त्या आकाशाचे,” कोणीतरी सुचवलं. काका आठवडाभर रात्री गच्चीवर आग्नेयेला झेनिट लावून बसले. आकाश एकदा फिकट नारिंगी झालं, पण ते समोरच्या होर्डिंगच्या दिव्याने झालेलं निघालं. काकांनी बटण दाबलं नाही. नापास.

मार्च गेला, एप्रिल गेला, मे आला. फोटो काढलेली पण न धुतलेली फिल्म उन्हात ठेवली तर आतलं चित्र फिकं होत जातं. म्हणून काकांनी झेनिट पिशवीत गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. ज्या कुटुंबाने कधीकाळी कॅमेऱ्यात फ्रिज घातला, त्याच कुटुंबात फ्रिजमध्ये कॅमेरा गेला. कोथिंबीर बाहेर सुकू लागली. काकूंनी पंधरा दिवस दम धरला. सोळाव्या दिवशी त्या ठेवणीतली साडी नेसून, गजरा माळून गच्चीवर खुर्ची टाकून बसल्या आणि खाली हाक मारली, “या वर. रोल संपवा.”

काकांनी ट्रायपॉड वर चढवला. त्यासाठी आम्ही दोघं लागलो. संध्याकाळ उतरली होती, उजेड कमी. “सहा सेकंद हलू नको,” काका म्हणाले.

“चाळीस वर्षांत कुठे हलली मी?” काकू म्हणाल्या आणि पहिल्याच फोटोला हलल्या, कारण खाली दूधवाला आला होता. दुसऱ्यात त्यांना शिंक आली. तिसऱ्यात त्या हलल्या नाहीत, पण काकाच मोजायचं विसरले. काकू मोजत नव्हत्या ना! चौथा मात्र नीट निघाला असावा. सहाव्या सेकंदाला पलीकडच्या गच्चीवरून कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

रोल मुंबईला गेलाय. सकाळचा घोळका रोज ‘आले का?’ विचारतो आणि काका रोज ‘येतील’ म्हणतात. जगात एवढ्या दिवसांचं कुतूहल आता फक्त फिल्मवर आणि सरकारी निकालावरच टिकतं. काकूंनी ड्रॉवर धुऊन-पुसून त्यात कोथिंबिरीच्या तीन जुड्या आणि कैऱ्या भरल्या. काकांनी मात्र परवा मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, तुमच्या फ्रिजमध्ये थोडी जागा आहे का? त्यांनी पुढच्या हिवाळ्यासाठी पाच रोल मागवले आहेत.